तोंडातली गोळी

प्राध्यापकांच्या बायकोला व्यसन एकच होतं, पेपरमिंटच्या गोळीचं. सकाळी दात घासल्यावर एक गालात जाई, ती विरघळली की दुसरी, आणि झोपेपर्यंत हेच. साखर नाही, दात शाबूत, खर्च म्हणाल तर किरकोळ. पण प्राध्यापकांनी उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ऐकायला वर्ग उरला नव्हता. मग ते त्या गोळीच्याच मागे हात धुऊन लागले.

"अपाय होतो की नाही हा प्रश्नच नाहीये," ते म्हणाले. "गोळीवाचून तुला राहता येतं का, हा प्रश्न आहे. येत नसेल तर तू मोकळी नाहीस."

बायकोने गोळी या गालातून त्या गालात सरकवली आणि मान हलवली. तीस वर्षं ती मान अशीच हलत आली होती, आणि तिला संमती समजण्याइतके प्राध्यापक स्वतःवर खूश होते. त्यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं, त्यात तिला 'एक गृहिणी' केलं आणि तिच्या फुगलेल्या गालावर दीड पान खर्च केलं. मुद्रितं आली त्या सकाळी त्यांनी तिच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट खिडकीबाहेर भिरकावलं. पुस्तक छापायला जाईपर्यंत गोळी बंद, म्हणजे सिद्धांताला पुरावा मिळेल.

"बरं," ती म्हणाली.

मुद्रितं तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. ती हस्तलिखित मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, एका सुरात. ते समोर बसून छापील ओळींवरून पेन्सिल सरकवत जायचे. अशी नऊ पुस्तकं झाली होती, आणि तिने पदरचा एक शब्द कधी घातला नव्हता.

चौथ्या दिवशी ती चव्वेचाळिसावं पान वाचत होती. "स्वातंत्र्य म्हणजे गरजा नसणं नव्हे, स्वल्पविराम, गरजेला नाही म्हणता येणं, पूर्णविराम. हे वाक्य तुमचं नाही, स्वल्पविराम, त्या मुलीचं आहे, स्वल्पविराम, जिचा प्रबंध तुम्ही नाकारलात, पूर्णविराम."

प्राध्यापकांची पेन्सिल खाली गेली, पुन्हा वर आली. "थांब, थांब. इथे एक ओळ गळलीय," म्हणत ते ती समासात लिहू लागले. 'त्या मुलीचं' एवढं लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"तेच, जे लिहिलंत. सहा महिने प्रबंध आपल्याच टेबलावर पडून होता. मी दोनदा वाचला. ती पोर दारात रडत उभी होती, तेव्हा 'ते घरी नाहीत' असं खोटं मीच सांगितलं."

"आणि बावीस वर्षं ब्र काढला नाहीस?"

"जिभेवर आलं की गोळी टाकायचे. पुष्कळ यायचं हो जिभेवर."

आणि तिने सांगितलं. रागाने बोलली असती तर प्राध्यापकांना निदान भांडता तरी आलं असतं. ती मुद्रितं वाचावीत तशी बोलत गेली. नऊपैकी एकाही पुस्तकात वाचण्याजोगं काही नव्हतं. सत्काराला विद्यार्थी आले ते जेवणासाठी. पोटची मुलगी फोन करते तो हटकून ते फिरायला गेल्यावरच, कारण तिला त्यांचा आवाज नको असतो. कुठे थांबायचं हे मात्र तिला नेमकं ठाऊक होतं.

प्राध्यापक घरातल्याच चपलांनी दुकानात गेले आणि पाकीट घेऊन आले. ते त्यांनी तिच्यापुढे ठेवलं.

"घे. एक घे ना. अपाय नसेल तर व्यसनात वाईट काय? मी प्रकरण बदलतो."

बायकोने पाकिटाचा वास घेतला आणि ते बाजूला सारलं. "नको. सुटलं चार दिवसांत. तुमचा सिद्धांत बरोबर आहे बघा, मी मोकळी नव्हतेच. फक्त तो तुमचा नाही." तिने पान पुढे घेतलं. "बोला, त्या पोरीचं नाव घालायचं, की तसंच जाऊ द्यायचं?"

उद्या पुस्तक छापायला जायचं होतं. उत्तर प्राध्यापकांच्या अगदी जिभेवर आलं. त्यांनी पाकीट फोडलं आणि एक गोळी तोंडात टाकली.