मांडीवर

दिशाने आवाजाची चकती फिरवून सुराचा आवाज आणखी कमी केला आणि बटण दाबलं. काचेपलीकडच्या बंद खोलीत उजव्या बाजूचा स्पीकर वाजला. आईच्या मांडीवर बसलेल्या दहा महिन्यांच्या लवूने मान उजवीकडे वळवली. दिशाने समाधानाने कागदावर खूण केली.

तिच्या मागे बसलेल्या भाटकर सरांची नजर मात्र आईच्या पायाकडे होती. सूर निघाला त्याच क्षणी लवूच्या आईचा, मनस्वीचा, उजवा गुडघा किंचित उचलला गेला होता. पोर सुराने नव्हे, गुडघ्याच्या धक्क्याने वळलं होतं. तेही पहिल्यांदा नव्हे.

दिशा पोराच्या तोंडाकडेच बघत होती. इतकं गोजिरं तोंड समोर असल्यावर गुडघ्याकडे कोण बघणार? पण ही वाचा-श्रवण पदवीची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. सर एरवी तिचे मार्गदर्शक, आज परीक्षक. परीक्षक मध्ये बोलला की विद्यार्थी नापास, असा नियम, आणि दिशा आधीच एकदा आपटी खाऊन आली होती. न बोलावं, तर ‘ऐकू येतं’ असा शेरा घेऊन पोर रत्नागिरीहून जयगडला परत जाणार आणि बोलायला शिकायचं वय हातचं निघून जाणार. तिने शेरा लिहायला घेतला की बोलायचं, असं सरांनी ठरवलं. ठरवल्यावर त्यांना त्या नियमाचा आणि स्वतःचाही राग आला.

दिशाने पेन उचललं. सर खुर्चीतून अर्धे उठले. पण ती पेन तसंच धरून काचेकडे बघत राहिली, आणि मग दार उघडून आत गेली.

"ताई, तुम्ही जरा बाहेर येऊन बघता? लवूला दुसरं कुणीतरी घेईल."

"माझ्याकडंच ऱ्हाऊ दे ना. परक्याकडं रडतो तो." मनस्वीने पोराला छातीशी धरलं. "वळला ना पण? सासूबाय म्हणतात, ह्याला ऐकू येत नाय. मी हाक मारून दाखवते त्यांना. माझ्याकडं असला की वळतो."

"मग बाहेरून बघू या, वळतो का. माझ्याशेजारी उभ्या राहा."

ती दारातूनच बाहेर बसलेल्या सरांकडे वळली. "सर, तुम्ही घ्याल त्याला? आणि हे हेडफोन घाला. यात नुसती खरखर आहे. सूर तुम्हाला ऐकू यायला नको."

सरांच्या जिवात जीव आला. पोरीने गुडघा पाहिला होता.

"मला कशाला हेडफोन?" ते हसले. "हेच शिकवण्यात केस पांढरे झाले माझे."

हेडफोन गळ्यातच ठेवून सर आत मनस्वीच्या जागी बसले. लवू त्यांच्याकडे आला, पण रडला नाही. त्याच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास होता. त्याने सरांचा अंगठा मुठीत धरला. मनस्वी बाहेरून काचेला चिकटून उभी राहिली.

उजवीकडे सूर वाजला. लवू उजवीकडे वळला.

सरांना आनंद झाला, अगदी मनापासून. काचेपलीकडे मनस्वीने हात जोडले. दिशाने मात्र काहीच लिहिलं नाही. तिने माइक जवळ ओढला.

"सर," ती म्हणाली, "गुडघा."

सरांनी खाली पाहिलं. त्यांची उजवी टाच जमिनीवर नव्हती. पोराने वळावं असं त्यांना फार वाटलं होतं, आणि पाय परस्पर हलला होता. त्यांनी टाच टेकवली, हेडफोन कानांवर चढवले. सगळं खरखरीत बुडालं.

आता सूर कधी वाजतो, कुठून वाजतो, काही कळेना. काचेतून फक्त दिशाचा हात दिसत होता. चकती फिरली, थांबली, पुन्हा फिरली, आणि शेवटी अडली. त्यापुढे आवाज वाढत नव्हता. मनस्वीचे जोडलेले हात सावकाश सुटले. लवू सरांच्या शर्टाचं बटण चोखत होता.