दादाच्या वाटणीचे शब्द

आमच्या घरात वाटणी झाली ती एकाच वस्तूची, इंग्रजी-मराठी डिक्शनरीची. जमीनजुमला असता तर आम्हीही चारचौघांसारखे बांधावरून भांडलो असतो. सूर्यभानदादानं ती पाथरीच्या बाजारातून जुनीपानी आणली आणि विळ्यानं मधोमध चिरली. ए पासून एल पर्यंत त्याची, उरलेली माझी. दोघंही मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेलो. मार्च त्र्याहत्तरची परीक्षा माझी शेवटची. या खेपेला पास झाले नाही तर लग्न लावून देणार, असं मायनं निक्षून सांगितलं होतं.

तेव्हा आम्ही दुष्काळी कामावर जायचो. झरीच्या रस्त्याची खडी फोडता फोडता अभ्यास चाले. शब्द पाठ झाला की दादा त्याच्यापुढं कोळशाचा ठिपका द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मला शिकवायचा. एका हातोड्याला शब्द, दुसऱ्याला अर्थ. डी-ई नं सुरू होणाऱ्या शब्दांशी आल्यावर मात्र तो वैतागला. डेट म्हणजे कर्ज, डिसीव्ह म्हणजे फसवणे, डिफीट म्हणजे हार, डिले म्हणजे उशीर.

"पंचे, ह्या डी-ईत धड कायच न्हाई गं. धा शब्दांतले नऊ वाईट."

"आन् डिअर?"

"त्यो अर्जात सायबाला लिवायचा. त्यो धरू नको."

मुकादम ओरडेपर्यंत आम्ही हसत होतो.

डी-ई चे शब्द दादाचे पाठ झाले, मला शिकवायचे थोडे राहिले, आणि दादाचे डोळे पिवळे झाले. मायनं गावातल्या म्हाताऱ्याकडून काविळीची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. माळ जसजशी लांबेल तसतशी कावीळ उतरते म्हणे. माळ बेंबीपर्यंत आली आणि दादा उठून बसेनासा झाला. तेव्हा कुठं आम्ही त्याला परभणीला दवाखान्यात नेलं. माझं परीक्षेचं सेंटरही परभणीलाच होतं. दादानं आपली अर्धी डिक्शनरी उशाला घेतली होती.

इंग्रजीच्या पेपरच्या सकाळी डॉक्टर आले. दादाचं पोट दाबलं, नर्सला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि पुढच्या खाटेकडं गेले. मला एकच शब्द धरता आला. डिटीरिओरेट.

"दादा, ह्यो तुझ्या वाटणीचा हाय. काय अर्थ?"

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आठवतोय.

"सुधारणे. हळूहळू सुधारत जाणे."

"डी-ई हाय की रे!"

"मंग? नऊ वाईट म्हनलो व्हतो, ह्यो धावा, चांगला. जा आता, पेपर बुडंल."

दारात माय उभी होती. "काय म्हनले गं डाक्टर?"

"सुधारायलाय म्हनले, माय."

मायनं पदरानं तोंड पुसलं आणि फडक्यात बांधलेली भाकरी सोडून खायला बसली. दादा पडल्यापासून ती धड जेवली नव्हती. मी पळतच सेंटरवर गेले.

पेपर चांगला गेला. परत आले तर माय बाहेर व्हरांड्यात बसली होती, मांडीवर दादाचा सदरा आणि ती माळ घेऊन. आत खाट रिकामी होती.

त्याची अर्धी डिक्शनरी मी घरी आणली, पण उघडायचा धीर होईना. जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले. त्या दिवशी ती काढली आणि शब्द शोधला. डिटीरिओरेट: बिघडत जाणे, खालावणे. त्याच्यापुढं कोळशाचा ठिपका होता, चांगला दाबून दिलेला.

एवढा राग मला मुकादमाचाही कधी आला नव्हता. कुणी सांगितलं होतं रे तुला? खड्ड्यात गेला असता पेपर. लग्न लावलं असतं तर लावलं असतं. मी तुझा हात धरून बसले असते.

चुलीपाशी माय पेढ्याऐवजी गूळ फोडत होती. फोडता फोडता थांबली.

"पंचे, डाक्टर तर सुधारायलाय म्हनले व्हते ना गं? तू नीट आयकलं व्हतंस का? म्या त्या दिशी पोटभर भाकर खाल्ली."

पान माझ्या मांडीवर उघडंच होतं.

"व्हय माय," मी म्हटलं, "तसंच म्हनले व्हते."