संध्याकाळचा दवाखाना आणि माझा पारा

मित्रांनो, दंडाला पट्टा गुंडाळून, रबरी फुगा दाबून ज्याच्याकडे सगळे श्वास रोखून बघतात, तो जुना रक्तदाबमापक मी. कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत पारा भरला आणि मला कामगारवस्तीतल्या एका खोलीच्या दवाखान्यात पाठवलं.

दवाखाना संध्याकाळी उघडायचा, कारण वस्ती संध्याकाळीच घरी यायची. बायका परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारख्या माझ्यासमोर बसत.

"सिस्टर, मला किती?" समोरची इस्त्रीवाली विचारायची.

"तुझ्या जावेइतकेच."

"चला, एका तरी गोष्टीत बरोबरी झाली!" थोरली जाऊ म्हणायची.

"हसू नका. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी," सिस्टर दटावायच्या.

एकदा दुरुस्तीच्या दुकानात मला पुलापलीकडच्या उंच इमारतींतला, माझ्याच कारखान्यातला भाऊ भेटला. "आमच्याकडे माणसं काही होत नसतानाही तपासायला येतात," तो म्हणाला.

पुढे आमचा दवाखाना बंद करून पुलापलीकडे मोठं रुग्णालय उभं केलं. तिथे सगळं चकचकीत, पण तपासणी फक्त सकाळी. सकाळ बुडाली की रोजी बुडाली. सिस्टरांची बदली झाली. मी खिडकीजवळच्या कपाटात राहिलो. खिडकीबाहेरच इस्त्रीवालीचं टेबल होतं.

"जाऊबाई, तुम्ही कुठे रांगेत उभ्या राहता? मी आणल्यात त्यातल्याच घ्या. आपला आकडा एक, मग गोळीही एकच."

"आणि तुला गं?"

"एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. मला काय धाड भरलीय?"

मी आतल्या आत तळमळलो. पण बंद कपाटातून सांगणार कुणाला? इस्त्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. थांबला की धस्स व्हायचं.

एका दुपारी तो थांबला. कापड जळाल्याचा वास आला, माणसं धावली. रुग्णालय चांगलं होतं, फक्त लांब होतं. इस्त्रीवाली परत आली नाही.

तिच्या मुलीने आरडाओरडा केला नाही. वस्तीतल्या बायकांना घेऊन ती पालिकेत खेटे घालत राहिली. अखेर एक साहेब खोली बघायला आले.

"एवढं मोठं रुग्णालय दिलंय की, ताई."

"दिलंय, साहेब. पण ते उघडं असतं तेव्हा आम्ही तुमच्या इमारतींचे जिने पुसत असतो."

साहेबांनी वहीत 'संध्याकाळ' असं लिहून घेतलं. काही आठवड्यांनी कपाट उघडलं. नव्या सिस्टरने माझी रबरी नळी बदलली. मुलीने सर्वांत आधी आपल्या थोरल्या काकूला खुर्चीत बसवलं. पारा इतका वर गेला की मीच घाबरलो.

"गोळी कधी घेतली होती?" सिस्टरने विचारलं.

"काल. आज माझा दिवस नाही," काकू पुटपुटली. "तिच्या वाटणीची बाजूला ठेवते मी अजून."

मुलीने काकूच्या दंडावरचा पट्टा हळूच सोडला.

"काकू, आता रोज घ्यायची," ती म्हणाली. "दोन्ही वाटण्या तुझ्याच."

मित्रांनो, ही संध्याकाळची तपासणी तात्पुरती आहे म्हणतात, त्यामुळे माझा जीव टांगणीला आहे. तुमच्या वस्तीत दवाखाना किती वाजता उघडतो, ते विचारा. दमूनभागून आलेल्या तुमच्या माणसाला हाताला धरून तिथे न्या. आणि दार बंद दिसलं, तर मुकाट्याने परत फिरू नका. मोठ्यांना घेऊन या आणि ते वाजवत राहा.