पुढच्या यू-टर्नवरून

"या महिन्यात दोनदा उशीर झालाय. तिसऱ्यांदा झाला, की विश्रांतवाडीचा रूट दुसऱ्याला," सुपरवायझर दिगंबररावांनी आम्रपालीला कालच सुनावलं होतं. खराडीच्या आयटी कंपनीची कॅब चालवणारी ती तिथली एकटीच बाई. हा रूट तिने कुणाच्या हातापाया पडून नव्हे, गाडी चालवून मिळवला होता. तो सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती.

रूटवरचा एक प्रवासी रोहन, त्याच्या सोसायटीतून बाहेर पडलं, की यू-टर्न चांगला अर्धा किलोमीटर पुढे. उलट्या बाजूने शंभर पावलं गेलं, की लगेच चौक. सगळे तसेच जायचे आणि जाताना हेडलाइट लावायचे, दिवा लावला की जणू गुन्हा माफ! आम्रपालीही गेली होती, शेकडो वेळा. काही झालं नाही, म्हणून पुन्हा गेली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म घालवलेले तिचे वडील म्हणत, "ज्याला कधी काही झालं नाही, त्याच्यावरच नजर ठेवावी लागते." ती हसून सोडून द्यायची.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी तिथल्या गल्लीतून एक आजोबा सायकलवर बाहेर आले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, कारण गाड्या उजवीकडूनच यायला हव्यात. आम्रपाली डावीकडून आली. ब्रेक लागला, बंपर चाकापाशी थांबला, पण आजोबा दचकून पडले. ती धावत उतरली, तर आजोबाच कपडे झटकत, हात जोडून म्हणाले, "चुकलं ताई, माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्या माफीची तिला अजून लाज वाटत होती. तेव्हापासून तिने उलटी बाजू सोडली आणि दोन उशीर पदरात पडले.

आज सात दहाला ती रोहनच्या गेटवर उभी होती. मागे आधीच्या स्टॉपवर चढलेली, रोहनच्याच कंपनीतली कल्याणी बसली होती. रोहनसाहेब रोज सात सतराला खाली उतरायचे, हातात सँडविच, वर टोमणा, "राँग साइडने घ्या ना मॅडम. नियमानेच जायचं तर बैलगाडी काय वाईट?" आज आम्रपालीला लख्ख दिसलं. ती सात मिनिटं रस्त्याने खाल्लेली नव्हतीच. ती यांनी घरात उधळायची आणि तिने त्या आजोबांच्या जिवावर भरून काढायची!

कंपनीचा नियम होता, तीन मिनिटं थांबा, मग 'नो शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, असं लिहून निघा. तक्रारीच्या धास्तीने एकही ड्रायव्हर तो वापरत नसे. सात तेराला आम्रपालीने ट्रिपशीट ओढली आणि ठसठशीत अक्षरात 'नो शो' लिहिलं.

"खरंच जाणार?" कल्याणीने विचारलं.

"हो. वेळ तुम्हीही बघितलीये. सही कराल?"

कल्याणीने क्षणभर गेटकडे पाहिलं आणि सही केली.

यू-टर्नच्या रांगेत असताना कल्याणीचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. "अगं, मी खाली उभाय! कॅब कुठंय?"

"यू-टर्नवर, साहेब," आम्रपाली पुढूनच म्हणाली. "उद्या सात दहाला भेटू."

कॅब वेळेत पोचली. रोहनची तक्रार त्याआधीच पोचली होती. दिगंबररावांनी ट्रिपशीट वाचली, सही पाहिली आणि "नियमात आहे" एवढंच पुटपुटले. रूट राहिला.

दुसऱ्या दिवशी रोहन सात नऊलाच गेटवर हजर होता, तोंड फुगवून. यू-टर्न घेऊन परतताना दुभाजकापलीकडे गल्लीच्या तोंडाशी ती सायकल दिसली. आजोबांनी उजवीकडे पाहिलं. मग एक पाय टेकून डावीकडेही पाहिलं, दोनदा.

ती सवय त्यांना कुणी लावली, हे आम्रपालीला ठाऊक होतं.