तिजोरीतले दोन सर्व्हर

नोव्हेंबर लागला की आमच्या बेटावरच्या वूतिंग बंदरात ईशान्येचा वारा सुटतो, तो मार्चपर्यंत काही थांबत नाही. समुद्राचं पाणी तो धुरासारखं उडवत गावात आणतो. खिडक्यांच्या काचा पांढऱ्या होतात, कुलपं गंजून बसतात, भाजीचे वाफे दगडी भिंतींच्या आडोशाला अंग चोरून राहतात. या वाऱ्याशी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जमवून घेतलंय. पण मच्छीमार संस्थेच्या कचेरीतले एकतीस संगणक काही जमवून घेत नव्हते. हिवाळा सरला की त्यांतले दहा-अकरा मेलेले असायचे आणि तेवढेच नवे बोटीतून यायचे. घरात जसे तांदूळ भरायचे, तसे आम्ही वसंतात संगणक भरायचो.

मी लू पाओ-चू. लिलावाच्या टेबलावर तेव्हा मला एकोणीस वर्षं झाली होती. कुठल्या होडीचा मासा, वजन किती, कुणी घेतला, काय भावाने, हे सगळं मी टिपायची. आधी वहीत, मग संगणकात. पूर्वीच्या एका हिवाळ्यात माझी हार्ड डिस्क ऐन लिलावात बसली आणि सकाळची सगळी नोंद गेली. दोन दिवस मी होडीवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या शिव्या खात ती पुन्हा जुळवली होती.

श्युए यू-श्वांग आमच्याकडे आली ती किरकोळ कामांसाठी. दिवे बदलणं, नळ दुरुस्त करणं, छपाई यंत्रात अडकलेला कागद काढणं. मूळची ती वूतिंगचीच, एका होडीवाल्याची लेक. सोळा वर्षं तिने समुद्रापलीकडच्या ताओयुआन शहरातल्या कारखान्यात संगणकाचे मदरबोर्ड तपासले होते. कारखाना परदेशात हलला, तशी ती परत आली. वय एक्केचाळीस, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. सगळे तिला आ-श्वांग म्हणायचे.

पहिल्याच वसंतात तिने मेलेले संगणक अंगणात उघडले आणि त्यांचे पंखे काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर हिरवट-पांढरा थर होता. मला हाक मारून म्हणाली, "पाओ-चू ताई, हे बघा. ही यंत्रं आपल्या मरणाने मेलेली नाहीत. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, हवेबरोबर मीठ आत जातं. आपण दर वर्षी नवं यंत्र आणतो आणि त्याच्या तोंडात पुन्हा मीठच घालतो."

मी म्हटलं, मग काय पंखे बंद करून ठेवायचे? ती हसली नाही. विचारात पडली.

त्याच वर्षी संस्थेला तोटा आला. व्यवस्थापक येन साहेब हे हिशेबाला पक्के आणि आवाजाला मऊ. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की खर्च कमी करायचा तर छिंगशा बेटावरची खिडकी बंद करावी लागेल. छिंगशा म्हणजे अडीचशे माणसांचं बेट. तिथे संस्थेची एक खोली, एक संगणक, आणि ओउ काका हे एकटे कारकून. त्यांचा संगणक हिवाळ्यातून दोनदा मरायचा. वाऱ्यामुळे बोट बंद, म्हणजे दुरुस्तीला जाता येत नाही. मग काका महिनाभर चहा पीत बसायचे आणि बेटावरची माणसं विम्याच्या एका कागदासाठी बोटीची वाट बघायची. चालतच नसलेल्या खिडकीवर खर्च कशाला, असं साहेबांचं म्हणणं. खोटं नव्हतं. आम्ही सगळे खाली मान घालून ऐकत होतो.

तेवढ्यात मागून आ-श्वांग उठली. या वसंतात एकही नवा संगणक घेऊ नका, म्हणाली, त्यांच्यासाठी ठेवलेल्या पैशांतले निम्मे मला द्या. मग तिने समजावून सांगितलं. सगळं काम, सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी, एका दणकट सर्व्हरवर ठेवायच्या. आपल्या टेबलांवर फक्त एक छोटी पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यात ना हार्ड डिस्क, ना पंखा. तिला लागते स्क्रीन, कळफलक आणि एक केबल. "डोकं एकाच जागी, जिथे मीठ पोचणार नाही. बाकी सगळीकडे नुसते डोळे आणि हात."

मी उठले. तेव्हा माझ्या जिभेला धार जरा जास्तच होती. "एका नांगराला एकतीस होड्या बांधणार होय गं? तो सुटला की सगळ्याच खडकावर."

हशा पिकला. आ-श्वांग मात्र माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "दोन नांगर टाकते, ताई. एक सुटला तर दुसरा धरेल."

येन साहेबांनी दोन दिवस कागदावर आकडे मांडले आणि तिला एक हिवाळा दिला. वसंतापर्यंत खर्च उतरला नाही, तर छिंगशाची खिडकी बंद, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मीठ पोचणार नाही अशी जागा आमच्या बंदरात कुठून आणणार, हा माझा पुढचा सवाल होता. उत्तर आमच्याच कचेरीत निघालं. संस्थेचा पतपेढी विभाग नव्या इमारतीत गेला, तेव्हा त्याची तिजोरीची खोली मागे राहिली होती. हातभर जाडीच्या भिंती, खिडकी नाही, पोलादी दरवाजा. आम्ही तिथे केरसुण्या आणि जुने फलक कोंबायचो. आ-श्वांगने ती धुऊन काढली, चार दिवस वाळवली, दरवाजाच्या कडेला बर्फाच्या पेटीचं रबर चिकटवलं. आत हवा गार करणारं यंत्र बसवलं, ते आतलीच हवा फिरवायचं, बाहेरची घ्यायचं नाही. मग दोन सर्व्हर आले. त्यांच्यावर तिने हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवला, त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाणं बाळ', तसं यंत्रांनीही शहाण्यासारखं वागावं म्हणून. पाकीट हिरवंच हवं आणि मुदत उलटलेलं नको, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. येन साहेबांनी स्वतः पाकिटावरची तारीख वाचून बघितली.

सगळ्यांसाठी नव्या पेट्या घ्यायला पैसे नव्हते. म्हणून तिने जिथे मीठ सगळ्यात जास्त, तिथे त्या लावल्या. चार लिलावगृहात, एक बर्फाच्या कारखान्यात. आणि एक पेटी, वारा सुटण्याआधीच्या बोटीने, छिंगशाला गेली. बाकीच्या टेबलांवर जुनेच संगणक, पण हार्ड डिस्क काढून टाकलेले. ते आता फक्त तिजोरीतल्या सर्व्हरची खिडकी म्हणून चालायचे. "हे मरतील तसतशा त्यांच्या जागी पेट्या घेऊ," ती म्हणाली, "कुणाचं काही हरवणार नाही, कारण त्यांच्यात आता काही नाहीच."

पहिले दोन आठवडे मात्र तिची परीक्षा होती. सकाळी आठला सगळे एकदम कामाला बसले की स्क्रीन अडखळायची. अक्षर दाबावं आणि ते उमटेपर्यंत घोटभर चहा प्यावा, अशी गत. कुरकुर करण्यात मी सगळ्यांच्या पुढे. खोटं कशाला बोलू, मी येन साहेबांकडे जाऊन तिची तक्रारही केली. तिला ते कळलं. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. दोन दिवस तिजोरीत बसून तिने कुठल्या टेबलावरून किती भार येतो ते पाहिलं, आणि मग थेट माझ्याकडे आली.

माझ्या स्क्रीनवर मी मत्स्यालयाचं हलतं चित्र लावलं होतं. लाल-पिवळे मासे, बुडबुडे. माझं बघून आणखी पंधरा जणींनी लावलं होतं. ते सगळे मासे आता एकाच सर्व्हरला पोहवावे लागत होते.

"ताई," ती म्हणाली, "दिवसभर मासे विकायचे आणि स्क्रीनवरही मासेच पोहायला सोडायचे? पुरे की."

लिलावगृहातली माणसं इतकी हसली, की मला रागही धड आला नाही. मासे गेले. दुसऱ्या सकाळी अक्षरं बोटाबरोबर उमटायला लागली. तरी मी तिला बरं म्हटलं नाही. मनात म्हटलं, खरा वारा येऊ दे.

आला. जानेवारीत, चांद्र नववर्षाच्या सणाला दहा दिवस असताना. सणाच्या ताटाला सुरमई हवीच, त्यामुळे भाव चढलेले. तीन दिवस समुद्र इतका खवळला होता, की एकही होडी बाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी जरा उघडीप मिळताच सगळ्या गेल्या, आणि पाचव्या सकाळी त्रेचाळीस होड्या एकदम बंदरात शिरल्या. लिलावगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जवळच्या माकुंग शहरातले व्यापारी आले होते, समुद्रापलीकडच्या काओश्युंगचेही आले होते. वारा पुन्हा वाढायच्या आत माल बोटीत चढवायची सगळ्यांना घाई.

सत्ताविसाव्या होडीची नोंद करत होते मी. एक मोठी सुरमई काट्यावर होती. मी वजन टाकायला घेतलं आणि शेजारून जाणारी हातगाडी कलंडली. बर्फ आणि खारं पाणी भरलेली अख्खी पेटी माझ्या टेबलावर पालथी झाली. स्क्रीन काळी झाली. जळका वास आला. मला पूर्वीच्या त्या दोन दिवसांच्या शिव्या आठवल्या. सव्वीस होड्यांची नोंद गेली, एवढंच मला दिसत होतं. व्यापारी ओरडायला लागले, लिलाव पुकारणारे लाय काका घड्याळाकडे बघायला लागले.

आ-श्वांग आली. धावत नाही, चालत आली. आधी तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. भिजलेली पेटी आणि तिची वायर काढून बादलीत टाकली. केबलचं टोक सदऱ्याने कोरडं पुसलं. मग काखेतली राखीव पेटी टेबलाच्या वरच्या फळीवर ठेवली, दुसरी स्क्रीन जोडली, बटण लावलं आणि कळफलक माझ्यापुढे सरकवला.

"पासवर्ड टाका, ताई."

माझी बोटं गारठली होती. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर पडला आणि स्क्रीन उजळली. पहिल्यापासून सव्वीस होड्या ओळीने होत्या. खाली सत्ताविसावी, होडीचं नाव, मालकाचं नाव, आणि वजनाच्या रकान्यात मी अर्धवट सोडलेला आकडा, तेरा आणि पुढे टिंब. जणू मी फक्त शिंकायला थांबले होते.

टिंबापुढे मी चार टाकला. तेरा किलो चारशे.

"चार मिनिटं," लाय काका घड्याळ बघून म्हणाले आणि लगेच पुढचा मासा पुकारायला लागले. त्या दिवशी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस होड्यांचा माल बोट सुटायच्या आत चढला. असा दिवस आमच्या बंदराने पूर्वी पाहिला नव्हता.

पण त्याआधी, सत्ताविसावीची नोंद संपताच, मी उठले आणि सगळ्यांदेखत तिचा हात धरला. "नांगराने धरलं गं," म्हटलं. "मी चुकले. साहेबांकडे तुझी चुगली केली ती मीच."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही बोलला नसतात तर ते मासे मला सापडले नसते. बसा आता, अठ्ठाविसावी काट्यावर आहे."

मार्च संपला. त्या वसंतात आमच्या संस्थेने एकही नवा संगणक विकत घेतला नाही. सात जुने मेले, त्यांच्या जागी सात पेट्या लागल्या. त्यांची सगळ्यांची मिळून किंमत दोन संगणकांएवढीही नव्हती. वीज कमी जळाली. दुरुस्तीसाठी माकुंगहून माणूस आणायचा खर्च शून्यावर आला. एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत येन साहेबांनी हे सगळं वाचून दाखवलं आणि मग चष्मा काढून म्हणाले, की आता छिंगशाचं सांगतो.

हिवाळ्यात एकोणीस दिवस बोट बंद होती. पूर्वी छिंगशाला जोडणाऱ्या इंटरनेटच्या चिंचोळ्या तारेवरून एक फाईल यायला अर्धा तास जायचा. आता फायली तिजोरीतच राहत होत्या, तारेवरून जायचं ते फक्त स्क्रीनवरचं चित्र, आणि तेवढ्याला ती तार पुरून उरत होती. त्या एकोणीस दिवसांपैकी एकही दिवस ओउ काकांची खिडकी बंद नव्हती. ती बंद करण्याचा ठराव मी मागे घेतो, साहेब म्हणाले.

छिंगशाच्या बायका शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग पुढचे होडीवाले उठले, मग आम्ही. आ-श्वांग भिंतीपाशी दिव्याची शिडी धरून उभी होती, कारण सभेच्या आधी एक दिवा गेला होता. साहेबांनी तिला शिडी सोडून मंचावर यायला सांगितलं आणि संस्थेच्या नव्या संगणक विभागाची प्रमुख म्हणून तिचं नाव जाहीर केलं. तिचे वडील पहिल्या रांगेत होते. आयुष्यभर वाऱ्यात डोळे बारीक केलेला माणूस, पण त्या दिवशी ते डोळे पुसत होते आणि लपवतही नव्हते. तिला बोलायला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात उरलेल्या सगळ्या टेबलांवर पेट्या लावू." टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

मे महिन्यात समुद्र निवळला तशी मी तिच्याबरोबर छिंगशाला गेले. बोटीतून उतरलो तर धक्क्यावर निम्मं बेट उभं. ओउ काकांनी नवा सदरा घातला होता. त्यांच्या खिडकीपुढे सात जण रांगेत होते आणि काका आमच्याशी बोलता बोलता एकेकाचा कागद हातात देत होते. एका म्हाताऱ्या आजींनी आपला विम्याचा कागद उन्हात धरून तीनदा वाचला, घडी करून कमरेला खोचला आणि आ-श्वांगला दंडाला धरून घरी ओढत नेलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूही ये गं, उभी काय राहिलीस?"

कोवळ्या माकुळाचा रस्सा आणि शेवया होत्या. आ-श्वांगने तीन वाडगे खाल्ले. चौथा आजींनी न विचारताच तिच्यापुढे ठेवला.