फेरी भिंतीबाहेर संपते

किलव्हार्नाची बाग दाखवायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या सासूच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून. कन्सेप्टा हे काम इतकी वर्षं करत होती, की गावातले लोक त्या बागेला 'कन्सेप्टाची बाग' म्हणायचे. ज्यांच्या पूर्वजांनी ती केली, त्या घराण्यातलं आता इथे कोणी राहत नाही. बंगला आणि बाग, दोन्ही ट्रस्टकडे आहेत. डॉक्टरांनी कन्सेप्टाला जास्त उभं राहायला मनाई केली, तेव्हा ट्रस्टच्या व्यवस्थापकाने मला विचारलं. मी शाळेत भूगोल शिकवते, जूनमध्ये मोकळीच असते. मी हो म्हणून बसले.

घरी सांगितलं तर कन्सेप्टा म्हणाली, "बोलशील तू बरं. पण चालायला शीक. वर्गात उभी राहतेस तशी एका जागी उभी राहिलीस तर लोकांचे पाय गारठतील."

पहिली फेरी रविवारी दुपारी होती. कन्सेप्टा हट्टाने आली, व्हीलचेअरमध्ये, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन. ढकलायला माझा नवरा कोलमन. त्या दिवशी आमच्या वॉटरफर्डची कॉर्कशी हर्लिंगची, म्हणजे काठ्या-चेंडूच्या खेळाची, मॅच होती, त्यामुळे त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

"मी तोंड उघडणार नाही," कन्सेप्टाने फाटकातच जाहीर केलं.

"ऐका, ऐका," कोलमन म्हणाला. "साक्षीदार आहेत बरं का, आई."

दहाबारा माणसं जमली होती. डब्लिनच्या दोन मैत्रिणी, एक जर्मन जोडपं, आणि मेयोहून आलेले मलाकी डर्कन म्हणून एक म्हातारे गृहस्थ. सोबत त्यांची मुलगी नोरीन. मलाकी काठी टेकत सगळ्यांच्या मागून येत होते.

यू नावाच्या जुन्या झाडांखालून मी सुरुवात केली. तोंड न उघडण्याचं वचन तिथपर्यंतच टिकलं.

"मोठ्याने बोल, उना. मागचे गृहस्थ स्वतःचे बूट बघतायत."

मी मोठ्याने बोलले. मग तळं, र्‍होडोडेंड्रॉनची गर्द वाट, काचघरातला द्राक्षाचा जुना वेल. आकाश ढगाळ होतं, पण पाऊस नव्हता. उंच विटांच्या भिंतीतल्या बागेत पोचलो तेव्हा माझा आवाज स्थिर झाला होता. उत्तरेच्या भिंतीलगत घराण्याच्या कुत्र्यांची थडगी आहेत. पांढर्‍या संगमरवराच्या छोट्या शिळा, प्रत्येकीवर नाव. जूनो. बँडिट. 'टिप्सी, लेडी ऑगस्टाची विश्वासू सखी.' इथे लोक नेहमी हसतात. तेव्हाही हसले. डब्लिनच्या मैत्रिणींनी टिप्सीबरोबर फोटो काढले.

"इथे आपली फेरी संपते," मी म्हटलं. "तबेल्याच्या अंगणात चहा आणि स्कोन आहेत."

"संपली नाही," मागून कन्सेप्टाचा आवाज आला. "दार राहिलं."

भिंतीत एक लोखंडी दार आहे. कन्सेप्टाची फेरी कायम त्या दारातून बाहेर पडून संपायची. पलीकडे गवताचा उतार आहे. तिथे उभं राहून ती लोकांना सांगायची, "हे कोमेरा डोंगर. मिनिटभर काही न बोलता बघा." लोक बघायचे. खरं म्हणजे डोंगर गाड्या लावायच्या जागेवरून जास्त चांगले दिसतात. पाऊलवाट शेवाळली होती, कोणी घसरून पाय मोडून घेईल म्हणून ट्रस्टने मला ते दार वगळायला सांगितलं होतं.

"कन्सेप्टा, ट्रस्टने नको म्हटलंय," मी हळूच म्हणाले.

"ट्रस्टचं मी बघून घेते."

"आई, डोंगर काय पळून चाललेत?" कोलमन म्हणाला. "चहा घेऊ. मॅचचा शेवट तरी मिळेल मला."

तिने ब्लँकेट बाजूला सारलं, खुर्चीचे हात धरले आणि उठून उभी राहिली. भिंतीला हात लावून एक पाऊल टाकलंही.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले होते?" कोलमन ओरडलाच.

"तो डॉक्टर कॉर्कचा आहे."

सगळे हसले. ती मात्र हसत नव्हती. मी जाऊन कडी ओढली. गंजलेली होती, दोनदा हिसका द्यावा लागला. कोलमनने तिला परत खुर्चीत बसवलं, जर्मन गृहस्थांनी पुढून धरलं आणि खुर्ची उंबर्‍यावरून उचलून बाहेर घेतली. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

बाहेर उतारावर हॉथॉर्नचं एकच काटेरी झाड आहे, वार्‍याने एका अंगाला वाकलेलं. फुलांचा बहर ओसरून पाकळ्या तपकिरी पडल्या होत्या. खाली उंच गवतात ओबडधोबड दगड. मी ते आधीही पाहिले होते. भिंत बांधताना उरलेले असतील, असंच मी धरून चालले होते.

मलाकी डर्कन सर्वांत शेवटी बाहेर आले. त्यांनी झाडाकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"बाबा, काय झालं?" नोरीनने विचारलं.

"ही डोंगर बघायची जागा नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे समुद्राकाठी आहे अशी. माझा भाऊ आहे तिथे. बाप्तिस्मा व्हायच्या आतच गेला." मग ते कन्सेप्टाकडे वळले. "तुमचं कोण आहे, बाई?"

"मुलगी," कन्सेप्टा म्हणाली.

कोलमनचा हात खुर्चीवरून सुटला. आमच्या पिढीने या जागांबद्दल ऐकलेलं असतं, अर्धवट. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाला चर्चच्या दफनभूमीत जागा नसायची. बाप किंवा काका संध्याकाळी पेटी काखेत घेऊन निघायचा आणि कुठल्यातरी हद्दीवर, काट्याच्या झाडाखाली पुरून यायचा. त्याविषयी कोणी बोलायचं नाही. आपल्याच घरात असं काही असेल, असं मात्र कोणाला वाटत नाही.

"मी हॉस्पिटलमध्येच होते," कन्सेप्टा म्हणाली. ती मलाकींशीच बोलत होती, आम्ही तिथे नसल्यासारखी. "घरी आले तोवर माझ्या नवर्‍याने, मॉसने, सगळं उरकलं होतं. कुठे ठेवलीस म्हटलं, तर म्हणाला, मोठ्या घराच्या बागेबाहेर, झाडाखाली. पुन्हा कधी विषय काढला नाही त्याने. तेव्हा इकडे फिरकायची सोय नव्हती, मालकांचे राखणदार असायचे. मग ट्रस्ट आला, गाईड हवेत म्हणाले. पहिलं नाव मी दिलं."

"म्हणजे तुम्ही त्यासाठी..." मी म्हटलं.

"फुलांचं मला काय गं? घरी साधं जिरेनियम जगत नाही माझ्याकडून. एकटी आले असते तर लोकांनी विचारलं असतं, ही बाई इथे काय करते. माणसं घेऊन आलं की कोणी विचारत नाही."

कोलमन तिच्यासमोर गवतात उकिडवा बसला. "मला बहीण होती?"

"होती. तुझ्याआधी."

"नाव काय तिचं?"

"फादर म्हणाले, बाप्तिस्मा नाही तर नाव कशाला. मी ठेवलं. ईटा."

"बाबांनी मला कधी..." त्याचा आवाज चढला. "मरेपर्यंत माझ्याशी गाईंबद्दल बोलत राहिले, आई! नुसत्या गाईंबद्दल!"

"माझ्याशी तरी दुसरं काय बोलायचा?"

डब्लिनच्या मैत्रिणींपैकी एक रडत होती. तिने विचारलं, यातला कुठला दगड. कन्सेप्टाने नकारार्थी मान हलवली. ते मॉसलाही सांगता आलं नव्हतं. अंधार पडत आला होता, आणि तो घाईत होता. म्हणून ती सगळ्याच दगडांकडे बघून घ्यायची.

मलाकींनी आयरिशमध्ये प्रार्थना सुरू केली. नोरीनला शब्द नीट येत नव्हते, पण ती त्यांच्यामागून पुटपुटली. मी चर्चला जात नाही. तरी मीही म्हटली. जर्मन जोडपं हात जोडून उभं राहिलं. त्यांना किती कळलं, कोण जाणे. मग आम्ही खुर्ची उचलून परत आत घेतली, दार लावलं आणि चहाला गेलो. चहा गार झाला होता. मॅच आम्ही हरलो होतो, पण कोलमनने स्कोर विचारलाच नाही.

दोन दिवसांनी व्यवस्थापकाने मला बोलावलं. ते दार का उघडलं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं. त्या महिन्यातच शेवाळ खरवडून वाटेवर खडी पडली आणि कडेला धरायला लाकडी कठडा आला. तिथे एक कोरीव शिळा बसवावी, असंही ट्रस्टच्या मनात होतं. कन्सेप्टाने ते होऊ दिलं नाही.

"कोणाकोणाची नावं लिहिणार?" तिने व्यवस्थापकाला विचारलं. "त्यांच्या आया अजून गावात आहेत. त्यांनी घरी सांगितलेलं नाही. तुम्ही कोण दगडावर सांगणारे?"

शिळेचा विषय त्याने सोडला. दाराची कडी मात्र त्याने बदलून घेतली आणि फाटक बंद होईपर्यंत ते दार उघडं राहील असं ठरवलं. ऑगस्टमध्ये एका गुरुवारी मी लोकांना घेऊन तिथे गेले, तर झाडाखाली पूर्वी पोस्टात असलेली म्हातारी नॅन उभी होती. हातात पर्स, डोक्याला रुमाल. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. मी लोकांना म्हटलं, इथे बाप्तिस्म्याविना गेलेली मुलं आहेत, थोडा वेळ थांबू. डोंगरांचं नाव मी काढलं नाही.

कोलमन बरेच दिवस या विषयावर बोलला नाही. मला धास्ती होती की तोही त्याच्या वडिलांसारखा गाईंवर घसरणार. एका रविवारी जेवणानंतर तो भांडी पुसत होता. कन्सेप्टा चुलीपाशी पाय लांब करून बसली होती. हातातल्या ताटलीकडे बघतच त्याने विचारलं, "तू पाहिलं होतंस तिला?"

"नर्सने एकदा दिली होती हातात. भली बाई होती."

"दिसायला कशी होती?"

"केस होते डोक्यावर. काळेभोर, एवढे." तिने बोटांनी दाखवलं. "तू जन्मलास तेव्हा नुसता बटाटा होतास."

"बरं," कोलमन म्हणाला. ताटली कोरडी झाली होती, तरी तो ती पुसत राहिला. मग फडकं खांद्यावर टाकून तो तिच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसला आणि म्हणाला, "अजून सांग."