दोन सेल आणि बोलकी डबी

मी एक जुना लॅरिंगोस्कोप आहे. मित्रांनो, नाव उच्चारताना तुमची जीभ आडवी आली तर लाजू नका. आडवी येणारी जीभ बाजूला सारणे हेच माझे काम. पोलादी मूठ, पुढे वाकडे पाते, पात्यावर मिरीएवढा दिवा आणि मुठीच्या पोटात दोन सेल. ज्याचा श्वास कोंडतो त्याच्या घशात मी उजेड पाडतो, आणि त्या उजेडात डॉक्टर श्वासाची नळी आत सरकवतात.

जन्म कारखान्यातला, पण माझे आयुष्य गेले एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात. तिथल्या गोकुळाबाई सिस्टर रोज सकाळी माझा दिवा लावून पाहत. "लागते ना रे बाबा?" असे मलाच विचारत. मग सेल काढून, पुसून माझ्याच पेटीत ठेवत. पावसाळी हवेत ते पाझरतात ना! लहानग्या रंभाचा श्वास परत आला, तेव्हा तिच्या आईने मलासुद्धा हात जोडले होते. ते आठवले की अजून भरून येते.

गोकुळाबाई निवृत्त झाल्या आणि सेलवर चालणारे एक यंत्र आले, बोलकी डबी. डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतले असताना ही म्हणे पुढचे पाऊल सांगणार! मला पहिल्या दिवसापासून तिचा संशय. डोळे नाहीत, हात नाहीत, जन्मात कुणाच्या घशात उतरली नाही. हे उंटावरून शेळ्या हाकणेच की! पण सगळे तिच्याभोवती, आणि मी कपाटात.

एका दुपारी मध काढायला गेलेल्या जंगूला माशा डसल्या. त्याचा घसा सुजत चालला. इंजेक्शन देऊनही सूज उतरेना.

"मॅडम, याले श्वास घेता येऊन नाई राह्यला!" त्याची बायको झिंगू दारातून ओरडली.

डॉक्टर दामिनी नवी होती, एकटी होती. तिने डबी सुरू केली.

"आधी लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहा," डबी म्हणाली.

दामिनीने मला उघडले. अंधार! पोटात नाहीत, पेटीतही सेल नाहीत.

"मॅडम, थे सेल मीनंच या डबीत टाकले," शिपाई मुखरू चाचरत म्हणाला. "हे बोलते. थो त कवाचा पडूनच होता."

माझा संशय खरा ठरला, डबीने माझा उजेडच पळवला होता; पण त्याचा आनंद कसला? दुसरे सेल दवाखान्यात नव्हते. मोबाईलचा उजेड घशाच्या वळणापलीकडे पोचेना. जंगूचे ओठ निळे पडू लागले.

"पुढचं सगळं आत्ताच सांग!" दामिनी डबीला म्हणाली.

डबीने भराभर सांगितले. डोके कसे ठेवायचे, जीभ डावीकडे कशी सारायची. "पाते दातांवर टेकवू नका. वर उचला," हे तिचे शेवटचे शब्द. दामिनीने तिचे सेल काढले आणि ती मुकी झाली. मी मात्र लख्ख पेटलो.

दामिनीने जीभ डावीकडे सारली, पाते वर उचलले, दातांवर भार दिला नाही. वाट दिसली. नळी आत गेली. जंगूची छाती वर उठली, आणि झिंगू मटकन खाली बसून रडू लागली.

आता डबीला तिचे वेगळे सेल आहेत. मुखरू रोज सकाळी मला उघडतो आणि विचारतो, "लागते ना रे बाबा?" डबीवर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट कबूल करतो. त्या दुपारी माझी आठवण सगळ्यांच्या आधी तिनेच काढली होती. म्हणून सांगतो, बोलणाऱ्याचे जरूर ऐका. पण मुक्याच्या पोटात सेल आहेत का, तेही रोज पाहत जा.